पश्चचक्रावरील मंदगती चालन : समतोलाचे गणित आणि अभ्यासाचा क्रम

मोटारसायकलचे पुढचे चाक उचलून केवळ मागच्या चाकावर काही अंतर चालण्याच्या क्रियेस तरुण मंडळी 'व्हीली' म्हणतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हा शब्द आता महाविद्यालयाच्या आवारापासून गॅरेजपर्यंत सर्वत्र रूढ झालेला आहे. यवतेश्वरच्या घाटातून कासच्या पठाराकडे जाणारा रस्ता असो, अथवा कराडवरून पेठ नाक्याकडे जाणारा महामार्ग असो, मोकळा टप्पा दिसताच गाडी उचलून पाहण्याचा मोह ज्यांना होतो, अशा विद्यार्थ्यांची उणीव कोणत्याही वर्गात नाही. या कृतीकडे शिक्षकवर्ग बहुधा केवळ शिस्तीच्या दृष्टीने पाहतो. तो दृष्टिकोन अयोग्य आहे असे नव्हे; परंतु तेवढ्याने विद्यार्थ्याचे समाधान होत नाही आणि त्याचे अज्ञानही दूर होत नाही. वस्तुतः या कृतीत स्थितिशास्त्र, गतिशास्त्र आणि मानवी शिक्षणक्रियेचे मानसशास्त्र या तिन्हींचा मनोरम संगम आहे. त्याचा विचार यथाक्रम करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाची मर्यादा आरंभीच स्पष्ट करावयास हवी. वेगाने धावत असता क्षणभर पुढचे चाक उचलणे ही एक गोष्ट आणि माणसाच्या चालीच्या किंवा फार तर सावकाश सायकलच्या गतीने, वेग न वाढविता, दीर्घकाळ मागच्या चाकावर राहणे ही दुसरी गोष्ट होय. या दुसऱ्या प्रकारास आपण 'मंदगती व्हीली' म्हणू. पाहणाऱ्यास पहिला प्रकार धाडसाचा आणि दुसरा सोपा वाटतो. गणित याच्या अगदी उलट सांगते, आणि अनेक अपघातांचे मूळ या विपरीत समजुतीतच असावे असे मानावयास आधार आहे.

१. चाक उचलले जाते कसे?

चर्चेसाठी एक ठोस उदाहरण घेऊ. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी आणि आपल्या भागात सुपरिचित असलेली केटीएम आरसी ३९० ही गाडी पाहावी. तिच्या इंजिनाची क्षमता ३७३ घन सेंटिमीटर, दोन आसांमधील अंतर सुमारे १३४० मिलिमीटर आणि कमाल आघूर्ण सुमारे ३७ न्यूटन-मीटर असून ते मिनिटास ७००० फेऱ्यांच्या आसपास मिळते. गाडी व चालक मिळून वस्तुमान २४० किलोग्रॅम धरू. संयुक्त गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटर उंच आणि मागच्या आसाच्या पुढे ०.६५ मीटर आहे, आणि मागच्या चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर आहे, असे मानू. हे शेवटचे आकडे स्थूल आहेत. चालकाच्या उंचीप्रमाणे व बैठकीप्रमाणे ते बदलतील. परंतु युक्तिवादास तेवढे पुरेसे आहेत.

पुढचे चाक जमिनीवरून सुटण्याच्या क्षणी सर्व भार मागच्या चाकावर येतो. जमिनीची ऊर्ध्व प्रतिक्रिया गुरुत्वमध्याभोवती गाडीचे नाक खाली दाबते, तर जमिनीने चाकास दिलेला पुढील दिशेचा रेटा नाक वर उचलतो. दोन्ही आघूर्णे समान होण्यासाठी लागणारे त्वरण म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले गुरुत्वमध्याचे आडवे अंतर, भागिले त्याची उंची. आपल्या उदाहरणात ही दोन अंतरे समान असल्यामुळे आवश्यक त्वरण बरोबर गुरुत्वत्वरणाइतके, म्हणजे दर सेकंदास सेकंदाला ९.८ मीटर येते. त्यासाठी सुमारे २३५० न्यूटन रेटा, अर्थात मागच्या चाकावर सुमारे ७३० न्यूटन-मीटर आघूर्ण पाहिजे.

पहिल्या गिअरमध्ये या गाडीचे इंजिन मागच्या चाकाच्या सुमारे २१ पट फिरते. ३७ ला २१ ने गुणून आणि वहनातील घट एकदशांश धरून सुमारे ७०० न्यूटन-मीटर हाती येतात. म्हणजे केवळ इंजिनाच्या शक्तीवर पुढचे चाक उचलले जाणे येथे थोडक्यात हुकते. शिवाय हे कमाल आघूर्ण मिळते तेव्हा गाडीचा वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटर झालेला असतो. ताशी १० किलोमीटर वेगात, क्लच पूर्ण जोडलेला असता, इंजिनाच्या फेऱ्या मिनिटास जेमतेम १८०० भरतात. त्या गतीत इंजिनाकडून विशेष बळाची अपेक्षा करता येत नाही.

क्लचचे महत्त्व येथे प्रगट होते. क्लच किंचित दाबून इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्यात आणि मग तो सोडावा, म्हणजे फिरत्या भागांत साठलेला कोनीय संवेग क्षणार्धात मागच्या चाकाकडे जातो आणि उणीव भरून निघते. पुढचे शॉकअप आधी दाबून मोकळे सोडल्यास त्यांची उसळीही उपयोगी पडते. चालक उभा राहून मागे सरकला तर गुरुत्वमध्य मागे जातो. ७० किलोग्रॅम वजनाचा चालक २० सेंटिमीटर मागे गेल्यास आवश्यक रेटा सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. या विद्येचे जाणकार मागचे स्प्रॉकेट मोठे बसवितात, त्याचेही कारण हेच. ४५ दातांऐवजी ६० दात घेतल्यास चाकावरील आघूर्ण एकतृतीयांशाने वाढते आणि त्याच वेगात इंजिन अधिक फेऱ्यांत, म्हणून अधिक आज्ञाधारक राहते.

यात घर्षणाचा अडसर विसरता कामा नये. वरील त्वरणासाठी घर्षण गुणांक जवळजवळ १ असावा लागतो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर तो मिळू शकतो. परंतु गळिताच्या हंगामात उसाची चिपाडे आणि ट्रॅक्टरच्या चाकांची माती पडलेला पलूस-तासगाव भागातील रस्ता, किंवा पावसाळ्यात तांबडी माती वाहून आलेला कासचा रस्ता घ्या. तेथे चाक उचलण्याऐवजी जागीच घसरते, आणि घसरता घसरता कोरडा तुकडा लागला म्हणजे एकाएकी पकड घेते. त्या झटक्याचे मोजमाप चालकाच्या हाती मुळीच नसते.

२. तोलबिंदू कोठे आहे?

पुढचे चाक उचलल्यानंतर गाडी कशाभोवती वळते, या प्रश्नास बहुतेक विद्यार्थी 'मागचे चाक जमिनीस टेकते त्या बिंदूभोवती' असे उत्तर देतात. ते बरोबर नाही. चाक लोळत असते. गाडीचा सांगाडा मागच्या आसाभोवती वळतो आणि टेकण्याचा बिंदू सदैव आसाच्या नेमका खाली राहतो. त्यामुळे गुरुत्वमध्य आसाच्या ऊर्ध्व रेषेवर आला म्हणजे तोल साधतो. आपल्या उदाहरणात गुरुत्वमध्य आसापेक्षा ०.३४ मीटर उंच आणि ०.६५ मीटर पुढे आहे. म्हणून त्याला ऊर्ध्व रेषेवर आणण्यास गाडी सुमारे ६२ अंश उचलावी लागते. टेकण्याचा बिंदू धरून हिशेब केल्यास हा कोन ४५ अंश येतो. सतरा अंशांची ही चूक कागदावर क्षुल्लक दिसते. प्रत्यक्षात मात्र नवशिक्याने 'आता तोल आला' असे मानलेली जागा आणि खरा तोलबिंदू यांत एवढेच अंतर असते.

आता तोलबिंदूच्या अलीकडे गाडी स्थिर कोनात ठेवावयाची झाल्यास काय घडेल ते पाहू. गुरुत्वमध्य आसाच्या पुढे असल्यामुळे नाक खाली येऊ पाहते. त्याला धरून ठेवण्यास सतत त्वरण द्यावे लागते. तोलबिंदूच्या २० अंश अलीकडे हे त्वरण सुमारे २.५ मीटर येते. म्हणजे अवघ्या चार सेकंदांत वेग ताशी ३५ किलोमीटरने वाढणार. ५ अंश अलीकडे तेच त्वरण ०.६ मीटर असून चार सेकंदांत ताशी ९ किलोमीटरच्या आत वाढ होते. तोलबिंदूवर ते शून्य होते.

यावरून निघणारा निष्कर्ष प्रथमदर्शनी विपरीत भासेल: पुढचे चाक जितके कमी उचलावे तितका वेग अधिक वाढत जातो. नवशिका भीतीपोटी चाक थोडेच उचलतो आणि त्यालाच सुरक्षितता समजतो. मग गाडी पळू लागते, इंजिन किंचाळू लागते, गोंधळून तो थ्रॉटल एकदम बंद करतो आणि पुढचे चाक दणकन जमिनीवर आदळते. त्या क्षणी हँडल किंचित जरी वाकडे असले तरी गाडी डोलू लागते. मंद गतीने चालावयाचे तर उंच गेलेच पाहिजे, तोलबिंदूपाशी जाऊन राहिलेच पाहिजे. दुसरा मार्ग गतिशास्त्राने ठेवलेला नाही.

३. तळहातावरील काठी

तोलबिंदूवरील समतोल हा अस्थिर समतोल होय. तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केलेला आहे. काठी पुढे झुकली की हात पुढे न्यावयाचा, मागे झुकली की मागे आणावयाचा. व्हीलीत मागचा आस म्हणजे तो तळहात. नाक खाली येऊ लागले तर थ्रॉटलने आस पुढे, गुरुत्वमध्याच्या खाली ढकलावा; नाक मागे कलंडू लागले तर मागच्या ब्रेकने आसाची गती रोखावी, म्हणजे गुरुत्वमध्य पुढे निघून जातो आणि नाक खाली येते.

हा खेळ किती त्वरेचा आहे याचाही अंदाज करता येतो. उलट्या लंबकाच्या समीकरणात झुकाव ज्या काळात सुमारे २.७ पट होतो, तो काळ आपल्या उदाहरणात स्थूलमानाने ०.३ सेकंद आहे. डोळ्यांनी पाहून हातापायाची हालचाल सुरू होण्यास माणसास सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात एका अंशाची चूक दोन अंशांची होते. पूर्ण एक सेकंद काहीच केले नाही तर ती वीस अंशांच्याही पुढे जाते. तात्पर्य, विचार करून ब्रेक दाबण्यास येथे अवसर नाही. पाय विचाराच्या आधी चालला पाहिजे.

काठीच्या खेळाची आणि व्हीलीची तुलना एका महत्त्वाच्या ठिकाणी मात्र तुटते. हात मागे-पुढे दोन्हीकडे सारख्याच सुलभतेने जातो. चाकास पुढे ढकलावयास इंजिन आहे. परंतु ब्रेक आहे तो वेग नष्ट करू शकेल एवढाच. नष्ट करावयास वेगच नसेल तर ब्रेकचा उपयोग संपतो. तोलबिंदूच्या १० अंश पलीकडे गेलेली गाडी केवळ तेथेच थोपवून धरण्यास सुमारे १.२ मीटर मंदन लागते. ताशी १० किलोमीटर वेग असेल तर हे मंदन सव्वादोन सेकंद देता येईल, ताशी ५ किलोमीटर असेल तर त्याच्या निम्माच वेळ; आणि गाडी नुसती थोपवून भागत नाही, परतही आणावयाची असते. वेग ही येथे ब्रेकची शिल्लक पुंजी होय. जो जितका सावकाश चालतो त्याच्या गाठी ही पुंजी तितकी कमी, म्हणून त्याच्या चुकीस क्षमाही तितकी कमी. जाणकार चालक थ्रॉटल किंचित उघडा ठेवून त्यावर ब्रेकचा हलका दाब कायम राखतात, याचे कारण आता ध्यानात येईल. दोन्ही साधने सतत कामात असल्यामुळे कोणत्याही दिशेची दुरुस्ती करण्यास नव्याने आरंभ करावा लागत नाही. केवळ एकाचे प्रमाण वाढवून दुसऱ्याचे घटवावे लागते.

४. आडवा तोल

आतापर्यंत आपण मागे-पुढे होणाऱ्या झुकावाचाच विचार केला. डावी-उजवीकडील तोल हा स्वतंत्र प्रश्न आहे. केंब्रिजच्या व्हिपल यांनी १८९९ साली सायकलच्या स्थैर्याची समीकरणे मांडली, तेव्हापासून या विषयावर विपुल लेखन झाले आहे. केवळ चाकांच्या परिवलनामुळे सायकल उभी राहते हा जुना समज अपुरा असल्याचे २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकातील एका प्रसिद्ध निबंधात प्रयोगाने दाखविले गेले. सामान्यतः दुचाकी ज्या बाजूस पडू पाहते त्या बाजूस पुढचे चाक वळते आणि टेकण्याचे बिंदू गुरुत्वमध्याखाली परत येतात, हे तिच्या स्थैर्याचे मुख्य मर्म आहे.

व्हीलीत नेमके हेच साधन हवेत लोंबकळत असते. उरतात ती तीन साधने: मागच्या चाकाचा कोनीय संवेग, झुकलेल्या चाकाचे आपसूक वळण, आणि चालकाचे गुडघे व धड यांची हालचाल. पहिले साधन वेगाच्या प्रमाणात असते. ताशी ६० किलोमीटरला जे असते त्याचा सहावा हिस्सा ताशी १० किलोमीटरला उरतो. उचललेले पुढचे चाकही हळूहळू थांबते आणि त्याचा संवेग नाहीसा होतो. म्हणून मंदगती व्हीलीत आडवा तोल जवळजवळ सर्वस्वी शरीराने सांभाळावा लागतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट आवळून धरणाऱ्या चालकाचे शरीर गाडीशी एकजीव होते व त्याच्याजवळ दुरुस्तीचे साधन राहत नाही. अगदी सैल सोडणाऱ्यास गाडीची हालचाल कळतच नाही. या दोहोंमधील अवस्था शब्दांनी सांगता येत नाही, ती अंगी बाणावी लागते.

५. शिक्षणाचा क्रम

फिट्स आणि पोझ्नर यांनी १९६७ साली कौशल्यशिक्षणाच्या तीन अवस्था वर्णिल्या: प्रथम समजून घेण्याची, नंतर जुळवून आणण्याची, शेवटी आपोआप घडण्याची. मागचा ब्रेक तिसऱ्या अवस्थेस पोहोचल्याविना तोलबिंदूपर्यंत जाणे म्हणजे पोहणे येण्याआधी डोहात उडी घेणे होय. म्हणून अभ्यासाचा तर्कशुद्ध क्रम उलटा आहे: उचलणे नंतर, उतरविणे आधी. आरंभी चाक हातभरच उचलावे आणि प्रत्येक वेळी, गरज नसली तरी, मागच्या ब्रेकनेच खाली आणावे. उजवा पाय ब्रेकवरून क्षणभरही न हलण्याची सवय जडेपर्यंत उंची वाढवू नये. त्याबरोबरच दोन्ही चाके जमिनीवर ठेवून चालण्याच्या गतीने क्लच व मागचा ब्रेक एकत्र वापरण्याचा सराव करावा. त्यानंतर उंची क्रमाक्रमाने वाढवावी, तोलबिंदू क्षणमात्र अनुभवून ब्रेकने परत यावे आणि तेथील मुक्काम शेवटी लांबवीत न्यावा.

दुचाकीचे रीतसर शिक्षण ही गोष्ट आपल्या प्रदेशास नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल विकण्याबरोबर ती चालवावयास शिकविणे हाही त्या व्यवसायाचाच भाग होता. पुढे १९१० साली त्यांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकालगतच्या माळावर कारखाना आणला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या संस्थानाची राजधानी औंध सातारा जिल्ह्यात असून तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. एका सलग क्रियेचे निश्चित टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्पा नित्य घोटावा आणि अखेरीस सर्व क्रिया एका ओघात व्हावी, ही रीत शरीरशिक्षणास सर्वत्र लागू पडते. यंत्र बदलले तरी शरीर तेच आहे.

साधनांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, पूर्ण बंद हेल्मेट, पाठीचे व सांध्यांचे कवच, हातमोजे आणि घोटे झाकणारे बूट ही किमान तयारी होय. गाडी मागे उलटल्यास आधी टेकावी अशी पोलादी दांडी मागे जोडतात. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या इंजिनात तेल मागे साठून ते ओढून घेणारे तोंड कोरडे पडू शकते. त्यामुळे तेलाची पातळी व दाब यांकडे लक्ष ठेवावे लागते. काही आधुनिक गाड्यांत पुढचे चाक थांबलेले पाहून ब्रेकचे वा कर्षणाचे स्वयंचलित नियंत्रण मध्येच हस्तक्षेप करते. त्याची माहिती आधी करून घेतली पाहिजे.

६. जागेचा प्रश्न

वरील विवेचनातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. या कौशल्याच्या मध्यम अवस्थेत चूक होणे हा अपवाद नसून नियम आहे, आणि चुकीचा काळ सेकंदाच्या अंशांत मोजला जातो. म्हणून जेथे दुसरा माणूस आहे, गुरे आहेत, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली आहे, तो सार्वजनिक रस्ता या अभ्यासाची जागा कधीच होऊ शकत नाही. चालक स्वतःच्या जिवाचा धनी असेलही. शेतावरून घरी परतणाऱ्या बाईच्या जिवाचा तो धनी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर धोकादायक चालनास पहिल्या गुन्ह्यासाठीच सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, अथवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक वा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

तथापि, निषेधाने केवळ जागा बदलते. दिवसाचा खेळ रात्रीच्या महामार्गावर जातो. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली सुरू झाले. यंत्रशास्त्राच्या अध्यापनाची परंपरा या दोन्ही जिल्ह्यांत मुरलेली आहे. कुंपण घातलेली कोरडी फरशी, अनुभवी शिक्षक आणि रुग्णवाहिका यांची व्यवस्था करून हा विषय अभ्यासाच्या कक्षेत आणता येईल काय, याचा विचार झाला पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस त्यात प्रबंधिकेचे विषयही सापडतील. आजच्या साध्या मोबाइल फोनमध्ये कोन व त्वरण मोजणारी साधने असतात. गाडीवर तो बसवून तोलबिंदूभोवतालचे आंदोलन नोंदवावे, नवशिका आणि जाणकार यांच्या नोंदींची तुलना करावी, आणि मागच्या ब्रेकचा विलंब सरावाने किती घटतो ते पाहावे. प्रस्तुत लेखात गृहीत धरलेले आकडेही त्यामुळे तपासले जातील.

आपल्या वर्गात समोर बसलेल्या तरुणांपैकी काहीजण आज सायंकाळी गाडी उचलून पाहणार आहेत. सतरा अंशांचे ते अंतर आणि ब्रेकची ती पुंजी त्यांनी फळ्यावर आधी पाहिलेली असावी, एवढे तर आपल्या हाती निश्चित आहे.